पाय फुटलेलं शहर

"ज्यांच्या शाळेत पोहण्याचा तलाव होता, त्यांनी एक पाऊल पुढे यावं," असं मॅरन म्हणाली आणि अर्लीथा टॉलिव्हर एक पाऊल पुढे आली. खरं तर एवढंच झालं. पण मॅरननं हातातला कागद खाली केला, मान जराशी कलती केली, आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात विचारलं, "प्रश्न नीट ऐकू आला ना, मिस टॉलिव्हर? घाई नाही." शाळेच्या जिममध्ये त्या वेळी सगळा शिक्षकवर्ग मोज्यांवर उभा होता, कारण गस ब्रॉकमायर, जो मुलांना खेळ शिकवायचा पण जीव मात्र लाकडी फरशीवर टाकायचा, तो आपल्या फरशीवर बूट घालून प्रत्यक्ष देवालाही येऊ देत नसे, आणि आला असता तर त्याचे मोजेही तपासले असते. सगळे एका ओळीत सुरू झाले होते. आजोबांचं स्वतःचं घर असलेले एक पाऊल पुढे, पोलिसानं विनाकारण अडवलेले एक पाऊल मागे, असं करत करत गस पलीकडच्या बास्केटखाली जाऊन पोचला होता आणि अर्लीथाची पाठ अलीकडच्या भिंतीला टेकली होती. थंडगार भिंत. ब्लाउजमधून तो गारवा पाठीच्या मणक्यांवर उतरला तेव्हा तिला हसू आलं होतं: एवढी वर्षं आपण या भिंतीला पोरांना मस्ती केल्याबद्दल उभं करतो, आज आपली पाळी. मग तो तलावाचा प्रश्न आला, ती पुढे आली, आणि ही ओरेगॉनहून आलेली, उन्हाळ्यात शहरात उतरलेली, समानता शिकवायला नेमलेली गोरी पोरगी तिला विचारत होती की तुम्हाला प्रश्न कळला का. दूर उभ्या असलेल्या गसनं वळून पाहिलं आणि कान खाजवला. मुख्याध्यापक ओडम साहेब नव्हतेच. प्रशिक्षण असलं की त्यांना नेमका एक महत्त्वाचा फोन यायचा, आणि तो प्रशिक्षण संपेपर्यंत चालायचा.

"ऐकू आला," अर्लीथा म्हणाली, आणि होती तिथेच उभी राहिली. राग तिच्याकडे होता. नाही असं नाही. पण तो ती पर्समधल्या पेपरमिंटसारखा वापरायची, लागेल तेव्हा एकच, आणि तोही सावकाश चघळत. इथे तिला तो काढावासा वाटला नाही. टोचलं ते वेगळंच. पोरगीच्या त्या कलत्या मानेमुळे अर्लीथाला स्वतःच्याच पावलाचा संशय आला. तलाव होता का? होता की. काचेच्या दाराआड, निळाशार, त्याच्यावरून उठणारी वाफ काचेला चिकटलेली, आणि कॉरिडॉरभर तो क्लोरीनचा वास. शाळेची गोरी मुलं त्या वासासकट वर्गात यायची, ओल्या केसांची. शाळांतल्या वर्णभेदाच्या खटल्यात कोर्टात तडजोड झाल्यानंतर शहराच्या उत्तर भागातली काळी मुलं बसमधून, टॅक्सीतून शहराबाहेरच्या शाळांत जाऊ लागली होती, त्यांतली ती एक. पोहण्याचा तास शाळा सुटल्यावर असायचा आणि टॅक्सी शाळा सुटल्या सुटल्या निघायची. टॅक्सी चुकली तर घर नदीएवढं लांब. चार वर्षं तिनं तो तलाव रोज पाहिला आणि त्यात एक बोटही बुडवलं नाही. म्हणजे उत्तर खरं होतं आणि पाऊल? पाऊल खोटं होतं का? की अर्धं टाकायला हवं होतं? मोज्यातला अंगठा पुढे सरकवून तिनं फरशीवरच्या पिवळ्या रेघेला लावला, मग मागे घेतला. मॅरन पुढचा प्रश्न वाचत होती.

बाहेर पडताना बूट घालायला सगळे बाकावर बसले तेव्हा गस शेजारी येऊन बसला आणि नाडी बांधता बांधता म्हणाला, "तुझ्या शाळेत तलाव होता हे मला माहीत होतं. आमची टीम एकदा तिथे येऊन हरली होती." या शहरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, हायस्कूल कुठलं केलंत हा असतो, आणि त्या एका उत्तरात माणसाचा रंग, बापाचा पगार, चर्च आणि तो नदीच्या कुठल्या अंगाला वाढला हे सगळं उलगडतं. गसनं शाळेचं नाव सांगितलं की लोक त्याला बिअर पाजायचे. अर्लीथानं सांगितलं की गोरे म्हणायचे, "अच्छा, म्हणजे त्या बसमधल्या," आणि तिच्या गल्लीतले म्हणायचे, "अच्छा, म्हणजे आमची शाळा चालली नाही तुला." त्यामुळे तिनं पुढे पुढे उत्तर द्यायचंच सोडलं होतं. "सर्कशीत शिकले," असं ती सांगायची, आणि ते निदान अर्धं तरी खरं होतं.

कारण त्या शाळेत तिला खरोखरच रिंगणात उभं करत. मिसेस व्हँडरग्रिफ नावाच्या बाई होत्या, मनानं फार चांगल्या, मोत्यांची माळ घालणाऱ्या. वर्गात शहराचा, गरिबीचा, काळ्या माणसांचा विषय निघाला की त्या हात जोडून अर्लीथाकडे वळायच्या: सांग बाळ, तुमच्याकडे कसं असतं. आणि बाळ सांगायचं. पहिल्यांदा खरं सांगून पाहिलं, की आमच्याकडे सकाळी लापशी असते आणि रविवारी चर्च असतं. त्यावर बाईंचा चेहरा इतका पडला की तिलाच वाईट वाटलं. मग तिनं रॉस्को मामाच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. आमच्या मामानं नदीतून एवढा मोठा मासा काढला की त्याच्या मिशांना धरून अख्खी गल्ली घरी आली. तो आम्ही न्हाणीच्या टबात ठेवला, त्याला सोन्याचा दात होता, आणि रविवारी तो पाद्रीबुवांच्या चुका काढायचा. मिसेस व्हँडरग्रिफनी सोन्याचा दात सोडला पण उरलेलं फळ्यावर लिहिलं: शहराच्या उत्तर भागात काही कुटुंबं न्हाणीघरात मासे पाळतात. सगळ्या वर्गानं ते उतरवून घेतलं. आज ती मुलं मोठी होऊन बँकांत, कचेऱ्यांत बसली असतील आणि त्यांतल्या एखाद्याच्या डोक्यात अजूनही तो मासा पोहत असेल. अर्लीथाला हे आठवलं की अजून हसू यायचं, आणि हसू ओसरलं की खाली काहीतरी गार उरायचं, त्या भिंतीसारखं. सांगणारीचं काय जातं? सगळे ऐकतात, शिकतात, मोठे होतात. आणि जिच्याकडून शिकतात ती तिथेच, त्यांचा धडा होऊन.

मॅरनला शुक्रवारी हाच पावलांचा खेळ अर्लीथाच्या आठवीच्या मुलांवर करायचा होता. शिक्षण बोर्डाच्या कचेरीतले लोक येणार, काही पालक येणार. ओडम साहेबांचा फोन तेवढ्यापुरता संपला होता आणि त्यांनी दोघींना खोलीत बोलावून सांगितलं की टॉलिव्हर बाई, तुमचा वर्ग आपला सगळ्यात बोलका, शाळेची शान. मॅरन समजावत होती की मुलांना आपण कुठे उभे आहोत हे दिसलं पाहिजे. तिच्या आवाजात कळकळ होती; अर्लीथाला ती खोटी वाटली नाही, आणि तीच अडचण होती. खोट्या माणसाला हाकलता येतं. "त्यांना दिसत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढंच तिनं विचारलं. वर्गातली बहुतेक मुलं काळी, शहराच्या दक्षिण भागातून येणारी थोडी गोरी, दोन बोस्नियन. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गोरी मुलं बास्केटखाली आणि तिची तामिया भिंतीला. तामिया प्रूइट, जिची जीभ कात्रीपेक्षा धारदार, जी कुणालाही मागे उभं राहू देत नाही आणि स्वतः तर नाहीच, ती पाहुण्यांसमोर पाठ भिंतीला टेकवून उभी राहील आणि सगळे हळहळतील. ती हळहळ तामिया आयुष्यभर अंगावर घेऊन फिरेल, ओल्या केसांच्या वासासारखी. नाही म्हणायचं, अर्लीथानं ठरवलं. उद्या स्पष्ट नाही म्हणायचं, आणि ओडम साहेबांना काय फोन करायचे ते करू देत.

पण नाही म्हटलं की पुढे काय, हे तिला स्वयंपाकघरात उभं राहून सुचेना. कॅटफिश तळत होता, तेलाचा आवाज रॉस्को मामाच्या हसण्यासारखा येत होता. नाही म्हणणं सोपं होतं. पण पोरांना काहीच न सांगणं हेही एक सांगणंच झालं असतं. आपल्या गल्लीत दुकान का नाही, दवाखाना तीन बस बदलून का, हे कुणी सांगितलं नाही तर पोरं उत्तर स्वतःतच शोधतात. तिनं शोधलं होतं. नववीत असताना मामाच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून, बाहेर रिकाम्या जागा, उघड्या विटा, एखादं जळकं घर मागे जात असताना, ती म्हणाली होती की आपण इतक्या वाईट जागी कशाला राहायला आलो. मामानं टॅक्सी चक्क रस्त्याच्या कडेला घेतली. "पोरी," तो म्हणाला, "आपण चांगल्याच जागी आलो होतो. जागा उठून गेली." आणि मग त्यानं सांगितलं. पहिल्यांदा बँक गेली, भल्या पहाटे, दूधवाला यायच्या आत, घागरा घोट्याच्या वर धरून, चिखल लागू नये म्हणून. तिच्यामागे चपलांचं दुकान, हजार जोड एकदम वाजवत. लोकांना वाटलं फौज चालली. मग सिनेमाचं थिएटर, पडदा डोक्यावरून घेऊन. किराणावाला दुकान पाठीवर मारून पळाला, तो मागे वळून तुझ्या आजीला म्हणाला, बटाटे उद्या पाठवतो. दवाखाना सगळ्यात शेवटी, कारण तो म्हातारा होता, धापा टाकत गेला. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून माझा काका हात हलवत होता, तो अजून तिकडे पश्चिमेच्या उपनगरातच आहे. अर्लीथा हसून हसून डॅशबोर्डवर आडवी झाली. "आणि बागेतला पोहण्याचा तलाव, मामा?" तेव्हा मामा हसला नाही. "तलावाला नेता येईना. पाणी सांडायचं. म्हणून त्यात सिमेंट ओतलं," म्हणाला आणि टॅक्सी सुरू केली. पुढे कॉलेजात ती हे सगळं पुस्तकांत शोधत बसली, तेव्हा तिला कळलं की मामाच्या अख्ख्या गोष्टीत अक्षरशः खरं असं तेवढंच होतं: काळ्या पोरांना पाण्यात उतरू द्यावं लागू नये म्हणून तलाव बुजवला होता.

गुरुवारी हॅलोवीन होता, पोरांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा सण. सूर्य मावळायच्या आत पोरं रस्त्यावर आली आणि अर्लीथा व्हरांड्यात गोळ्यांची परडी मांडीवर घेऊन बसली. या शहरात दाराशी आलेलं पोर गोळी मागत नाही, आधी एक विनोद सांगतं. तो कितीही पाचकळ असला तरी घरवाल्यानं ऐकायचा, कपाळाला हात लावायचा, आणि मग परडी पुढे करायची. त्यात कसूर झालेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. समोरच्या घराचा वरचा मजला मॅरननं भाड्यानं घेतला होता, आणि ती खाली पायरीवर मोठं भांडं घेऊन बसली होती, डोक्याला मांजराचे कान लावून. पोरं आली की ती लगबगीनं उठायची आणि प्रत्येकाच्या पिशवीत मूठ मूठ चॉकलेट टाकायची, वर आणखी घ्या, घ्या ना म्हणायची. आणि पोरं जाईनात. पिशवी भरलेली, पाय हलत नाहीत. तामिया आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली होती. तो डायनोसॉर झाला होता आणि सकाळपासून एकच विनोद तोंडात घोळवत होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मॅरननं त्याची पिशवी भरली. डायनोसॉरचं तोंड उघडंच राहिलं, आणि हळूहळू वाकडं व्हायला लागलं. मॅरन घाबरली, आणखी एक मूठ टाकली. तामियानं ती मूठ पिशवीतून काढून परत भांड्यात ठेवली.

"तुम्ही आमचं ऐकलंच नाही," ती म्हणाली. "आम्ही काय भीक मागायला आलोय?"

मॅरनचे मांजराचे कान एका बाजूला घसरले. अर्लीथा आपल्या व्हरांड्यातून हे पाहत होती आणि तिच्या मनात इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार लहान आहे आणि फार दुरुस्त करण्यासारखं आहे. पोरगीचं भांडं भरलेलं होतं, हातही सढळ होता. फक्त आधी ऐकायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मिसेस व्हँडरग्रिफना ते मरेपर्यंत कुणी सांगितलं नसेल. आपणही नाही. आपण त्यांना मासा दिला. ती उठली, रस्ता ओलांडला, डायनोसॉरच्या खांद्यावर हात ठेवून मॅरनला म्हणाली, "त्याला आधी एक विनोद सांगायचाय. तुम्हाला आवडला नाही तरी चालेल." डायनोसॉरनं सांगितला. तो इतका वाईट होता की जाणारी दोन कुत्री थांबून परत फिरली. मॅरन हसली, मग जास्तच हसली, मग डोळे पुसत म्हणाली, की म्हणून ही सगळी उभी राहत होती होय, मला वाटलं मी कमी देतेय. तामिया गेल्यावर अर्लीथा तिच्या शेजारी पायरीवर बसली. "उद्याचा खेळ मी घेते," ती म्हणाली. "माझ्या पद्धतीनं. तुम्हाला यात काम आहे, उगाच बघत उभं राहायचं नाही." मॅरननं विचारलं, पद्धत कोणती. अर्लीथानं सांगितलं, मामाची. मॅरननं मांजराचे कान काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "त्या दिवशी तलावाचं. मी तसं विचारायला नको होतं." "विचारलंत ते बरं झालं," अर्लीथा म्हणाली. "तलाव होता. मी कधी उतरले नाही. तुमच्या कागदात याला पाऊल नाहीये."

शुक्रवारी सकाळी भांडण झालं ते गसबरोबर. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडायला त्याची हरकत नव्हती, पण अर्लीथा म्हणाली की त्या हलणार आहेत, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. फरशीवर ओरखडे पडतील, म्हणाला, हिच्यापायी माझी दोन लग्नं मोडलीत. शेवटी त्यानं सामानाच्या खोलीतून जुन्या टेनिसच्या चेंडूंचं पोतं काढलं, चेंडूंना चिरा पाडल्या, आणि दोघांनी गुडघ्यांवर बसून एकेका खुर्चीच्या पायात ते पिवळे बूट चढवले. "तुझा मामा पाहत असेल तर मला शिव्या देत असेल," गस धापा टाकत म्हणाला. "तो नाही. तो तुझी गोष्ट करील," ती म्हणाली.

मुलं मधल्या वर्तुळात दाटीवाटीनं उभी राहिली, मोज्यांवर. वर्तुळाच्या भोवती अगदी लगटून खुर्च्या, आणि खुर्च्यांवर पाहुणे: बोर्डाचे हॅलोरन साहेब, टाय लावून आणि मोज्याला अंगठ्याशी भोक घेऊन, दोन आया, मॅरन, गस, आणि चक्क ओडम साहेब, कारण अर्लीथानं त्यांचा फोन सकाळीच टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं होतं. तिनं मुलांना सांगितलं की हे आपलं जुनं शहर, आज्यांच्या वेळचं; कुठली खुर्ची काय ते तुम्ही ठरवा. मुलांनी हॅलोरन साहेबांना बँक केलं, ओडम साहेबांना दवाखाना, गसला चपलांचं दुकान, मॅरनला किराणा. आयांना वाचनालय आणि थिएटर. एक खुर्ची रिकामी होती, ती तलाव. मग अर्लीथानं गोष्ट सुरू केली, मामाच्याच आवाजात, घागरा घोट्यावर धरून, आणि एकेका पाहुण्याला उठवलं: साहेब, बँक निघाली, खुर्ची घ्या आणि चालू लागा, पार त्या भिंतीपर्यंत. पोरं खिदळू लागली. हॅलोरन साहेब खुर्ची पोटाशी धरून निघाले. गस तोंडानं चपला वाजवत गेला, खुर्चीच्या पिवळ्या बुटांवर नजर ठेवून. ओडम साहेब धापा टाकत गेले, त्यांना त्यासाठी नाटक करावं लागलं नाही. मॅरननं मागे वळून बटाटे उद्या पाठवते म्हटलं. हसणं पातळ होत गेलं. तलावाची खुर्ची कुणी हलवली नाही. अर्लीथानं मुलांची दप्तरं तिच्यावर रचली, खुर्ची दिसेनाशी होईपर्यंत. आणि मग जिममध्ये नुसती मोकळी, चकचकीत फरशी राहिली, तिच्या मधोमध मुलं, जिथली तिथे. कुणीही पुढे नाही, कुणीही मागे नाही. एका आईनं भिंतीपाशी उभं राहून तोंडावर हात धरला होता.

"तुम्ही हललात का?" अर्लीथानं विचारलं. मुलं नाही म्हणाली. "तर हे लक्षात ठेवा. आपण चांगल्याच जागी होतो. जागा उठून गेली." तिला वाटलं होतं की गोष्ट इथे संपते. एवढी वर्षं ती इथेच संपत आली होती. छातीत एक ऊब भरून आली, टॅक्सीच्या पुढच्या सीटवरची. पण तामिया भुवया आवळून भिंतीकडे बघत होती.

"उठून कुठे गेली, बाई?" ती म्हणाली. "बँकेला पाय नसतात. त्या साहेबांनी उचलून नेली. मी पाहिलं."

अर्लीथाच्या हातातून मामाची गोष्ट निसटली आणि तिनं ती पडू दिली. इतकी वर्षं ती तिच्या अंगाखांद्यावर होती, आणि तिच्यात हे एवढं भोक होतं, हॅलोरन साहेबांच्या मोज्याएवढं. पाय फुटले म्हटलं की कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. मामा हे जाणून होता का? असेलच, नववीतल्या पोरीला हसवायचं होतं, म्हणून नावं गिळली असतील. किंवा ठेवली असतील, कुणीतरी शोधून काढावीत म्हणून. ती तामियाकडे पाहत राहिली आणि तिला असा आनंद झाला जो शिकवणाऱ्याला फार क्वचित होतो, आपलं शिकवलेलं मोडून पुढे गेलेलं पाहण्याचा. "कुणी उचलली, कुणी सांगितलं उचलायला, ते आपण सोमवारपासून शोधणार," ती म्हणाली. "सगळी नावं."

तामियाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दप्तरांच्या ढिगापाशी गेली, एकेक दप्तर ज्याचं त्याच्या अंगावर भिरकावलं, तलाव मोकळा केला, आणि मग वर्तुळाच्या कडेला, जिथे बँक होती, तिथे मोज्याच्या अंगठ्यानं फरशीवर टकटक केलं.

"साहेब, उचलून नेली तर उचलून आणता येईल की. इथे होती."

हॅलोरन साहेबांनी खुर्ची अजून खाली ठेवलीच नव्हती. ती पोटाशी धरून ते भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि आता त्यांनी आधी ओडम साहेबांकडे पाहिलं, मग मॅरनकडे. मॅरन किराण्याची खुर्ची घेऊन निघालीसुद्धा होती. ती निम्म्या वाटेत होती. साहेबांनी घसा खाकरला. खुर्चीचे चारही पिवळे चेंडू त्यांच्या टायखाली लोंबत होते. जिममध्ये इतकी शांतता झाली की गसला आपली फरशी ऐकू आली असती.

अर्लीथानं मान जराशी कलती केली.

"प्रश्न नीट ऐकू आला ना, साहेब?" ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "घाई नाही." आणि मोकळ्या झालेल्या तलावावर जाऊन, पाय सोडून, ऐसपैस बसली.